तळघरातली टॉटी

आमच्या नदीकाठच्या गावात हॅलोविनच्या संध्याकाळी पोरं दारोदार फिरतात तेव्हा नुसता खाऊ मागून थांबत नाहीत. आधी दारावर दणका घालतात आणि घसा खरवडून ओरडतात, "टॉटीऽऽ!" टॉटी कोण असं विचारलंत तर शेंबडं पोरही सांगेल. टॉटी ही तळघरातली हडळ. तिचे केस खारवलेल्या कोबीच्या पिंपात भिजत पडलेले असतात, तोंडात एकही दात नाही, आणि तळघराचं दार करकरलं की ती जागी होते. हे सगळं एका गाण्यात आहे. गाणं आमच्याच पोरांनी केलेलं, रॉक अँड रोलचं, भुताखेतांचं, घाबरवता घाबरवता हसवणारं. ऑक्टोबर उजाडला की ते इथल्या रेडिओवर लागतंच लागतं.

आता गंमत अशी की ही टॉटी आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. दर रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची. नाव एतेला फेदोरको. हडळ कसली डोंबलाची! कोंबडी कापायची वेळ आली की शेजारच्या पावलिनाला हाका मारणारी बाई. दात मात्र शेवटपर्यंत शाबूत होते, अक्रोड दातांनी फोडायची. ज्यांनी तिच्या डोक्यावर कोबी आणि तोंडाला बोळकं चिकटवलं त्यांना एकदा तिच्या हातचं सूप पाजायला हवं होतं, म्हणजे जिभा ताळ्यावर आल्या असत्या.

एतेला कोवळ्या वयात स्लोव्हाक डोंगरातल्या एका खेड्यातून बोटीने आली आणि थेट अमेरिकेत, इथे पेनसिल्व्हेनियात, आत्याच्या खानावळीत येऊन पडली. पोलादाच्या कारखान्यात राबणारे सडेफटिंग तिथे राहायचे. त्यांचे शर्ट धुणं आणि शिवणं हे तिचं काम. त्यातल्या मातुश नावाच्या एका लांबुळक्या गड्याची बटणं दर आठवड्याला तुटायची. इतकी घट्ट शिवलेली बटणं तुटतात कशी, हे तिला कळेना. मग एकदा त्याच्या शर्टाच्या खिशात तिला तिनेच शिवलेली सगळी बटणं सापडली. तिने ती त्याच्यासमोर टेबलावर ओतली. मातुश कानापर्यंत लाल झाला, आणि त्या वर्षीच्या ईस्टरनंतर त्यांचं लग्न लागलं.

घर घेतलं ते टेकडीवर. कारखाना खाली नदीपाशी, घरं वर, मधे लाकडी पायऱ्यांची लांबच लांब वाट. आमच्याकडे कारखान्यातला माणूस पुढच्या दाराने घरात येत नाही. काजळीने माखलेला गडी पुढून आला तर पडदे, गालिचे, बायकोचं डोकं, सगळंच काळं व्हायचं. तो घराला वळसा घालतो, मागच्या तळघराच्या दाराने आत शिरतो, कपडे तिथेच उतरवतो, नळाखाली अंग घासतो आणि मग माणसांत येतो. त्या दाराची बिजागरी प्रत्येक घरी करकरते. ती करकर ऐकली की वर स्वयंपाकघरातली बाई हाक मारते, "तो ती?" म्हणजे आमच्या स्लोव्हाक बोलीत, तूच का रे? आणि खालून गडी म्हणतो, "ता या." मीच की.

दुसरं कोण असणार? पण विचारायचंच. भट्टीपुढे काम करणाऱ्या माणसाच्या बायकोला ते विचारल्याशिवाय चैन पडत नाही. एतेलाची तर पक्की रीत. खालून "ता या" आलं की मगच सूपचं भांडं आचेवर चढायचं, त्याआधी नाही. तो घासूनपुसून वर येईस्तोवर ताटलीतून वाफ निघत असायची.

मातुश गेला तो एका फेब्रुवारीत. पाळी संपली, भोंगा झाला, गडी रोजच्यासारखा पायऱ्या चढायला लागला आणि अर्ध्यावर दम खायला बसला. बसला तो उठलाच नाही. त्याच्या मागून पाळीवरची माणसं येत होती. पावलिनाचा नवरा याकुब होता, आणखी तिघं होते, आणि मातुशचा विशीतला पोरगा रुडी, तोही त्याच कारखान्यात लागला होता. चौघांनी त्याला उचलला. रुडी पुढे. आता माणसाला सवय म्हणजे काय असते बघा. पुढचं दार जवळ होतं, पण काजळीच्या कपड्यांत पुढून जायचं कुणाच्या मनातच आलं नाही. घराला वळसा घालून ते तळघरापाशी आले, आणि रुडीने दार उघडलं.

बिजागरी करकरली. वरून हाक आली, "तो ती?"

खाली पाच माणसं उभी होती. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. एतेला वर हातात डाव घेऊन थांबली. पुन्हा विचारलं नाही तिने. बऱ्याच वेळाने जिना उतरून खाली आली, आणि त्या दिवसाबद्दल पुढे कधी कुणाशी बोलली नाही. त्या पाच जणांनीही तोंडाला कुलूप लावलं.

त्यानंतर तळघराच्या त्या दाराला आतून कडी लागली. रुडी कारखान्यातून यायचा तो पुढच्या दाराने, काळ्या बुटांनी, काळ्या कपड्यांनी, आणि तळघरात जायचा तो घरातल्या जिन्याने. आईने ती हाक मारू नये म्हणून. एतेला त्याला एका शब्दाने बोलली नाही. रोज गुडघ्यावर बसून पुढची खोली घासायची. तिच्या मनात एकच होतं, हा पोरगा त्या कारखान्यातून बाहेर पडायला हवा. चर्चमध्ये मेणबत्ती लावायची तीही त्याचसाठी.

रुडीला गिटारचा नाद. लेनी नावाचा त्याचा आयरिश दोस्त सॅक्सोफोन वाजवायचा, आमची बोली त्याला ओ की ठो कळायची नाही, आणखी एक ढोलवाला होता. तिघं शनिवारी दुपारी एतेलाच्या तळघरात धुडगूस घालायचे. वर भांडी नाचायची. पावलिना म्हणायची, "अगं एतेला, ही पोरं गातात का कुणाला मारतात?" एतेला म्हणायची, "मारू देत गं. कारखान्यात तरी नाहीत तेवढा वेळ."

त्या काळी भुतांच्या गाण्यांचं खूळ निघालं होतं. कवट्या काय, ममी काय, सगळ्यांना रॉक अँड रोल करायला लावत होते. लेनीने ठरवलं, हॅलोविनला आपणही एक भूत सोडायचं. गाणं झालं. तळघरात काहीतरी आहे, ते रोज कोबी खातं, आता कोबी संपला, आता तुझा नंबर, असलं काहीतरी बाष्कळ. लेनीच्या काकाने टेप करायचं मशीन आणून दिलं. सगळं जमलं, पण सुरुवातीलाच घोडं अडलं. लेनीला शवपेटी उघडल्याचा आवाज हवा होता.

"खुर्ची करकरव," ढोलवाला म्हणाला.

"खुर्ची खुर्चीसारखीच करकरते. थांबा, हे दार बघतो." लेनी मागच्या दाराशी गेला. "टेप चालू आहे ना? कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही." आणि रुडीने गिटारवरून मान वर करेपर्यंत त्याने कडी काढून दार ओढलं.

वर एतेला अक्रोडाच्या रोलसाठी पीठ लाटत होती. खाली बराच वेळ सामसूम, तिला वाटलं पोरं गेली. आणि बिजागरी करकरली. मन काही म्हणायच्या आत तोंडातून निघून गेलं, "तो ती?"

खाली शांतता. एक, दोन, तीन, चार. मग ढोलवाल्याने ठरल्याप्रमाणे दण्णकन ठोका दिला आणि सॅक्सोफोन खदखदून हसला.

एतेला लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली. वर्षा-दीड वर्षात असं झालं नव्हतं. आपण कुणाला हाक मारली हे कळलं तशी ती स्टुलावर बसली आणि पिठाचे हात मांडीवर ठेवून रडली. मग उठली, पीठ वाळून कडक होईल म्हणून.

खाली लेनी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. "ऐकलंत? टॉटी! टॉटी म्हणाली! अंगावर काटा आला राव. कोण आहे ही टॉटी?"

रुडी म्हणाला, "वरून आवाज आला असेल. पुसून टाक, पुन्हा करू."

"पुसू? तुझं डोकं फिरलंय का? हीच तर आपली हडळ!"

सांगायला हवं होतं त्याने. ही माझी आई आहे, ती माझ्या बापाला हाक मारतेय, एवढंच सांगितलं असतं तर लेनी काही राक्षस नव्हता. पण रुडी मूग गिळून बसला. त्याला वाटलं, शेजारपाजारची चार माणसं ऐकतील आणि विसरतील. लेनीने गाण्यात हडळीचे कोबीत भिजलेले केस आणि बोळकं तोंडही घुसडलं, तबकडी निघाली, तिच्यावर नाव छापलं 'तळघरातली टॉटी', आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रेडिओवर लागली. चार दिवसांत गावाने ती डोक्यावर घेतली. शाळेच्या बसमध्ये पोरं एकमेकांच्या कानात ओरडायची, "टॉटी!" पलीकडच्या गावाहून चौकशा यायला लागल्या. आणि ज्या घरात हे सगळं जन्मलं त्या घरात रविवारचा स्लोव्हाक गाण्यांचा तास सोडला तर रेडिओला कुणी हात लावत नव्हतं. रुडीचा जीव टांगणीला लागला होता.

हॅलोविनची संध्याकाळ आली. एतेलाने रोल कापून ताटात रचले. दारावर दणका बसला. बाहेर चादरी पांघरलेली भुतं, एक समुद्री चाचा, एक भोपळा. सगळे एका सुरात ओरडले, "टॉटी?"

एतेलाला ते 'तो ती?' असंच ऐकू आलं. या आयरिश, इटालियन पोरांना आपली बोली कुणी शिकवली? आणि विचारतात तरी किती गोड, तूच का म्हणून. ती हसली आणि म्हणाली, "ता या, ता या," आणि प्रत्येकाच्या पिशवीत दोन-दोन तुकडे घातले.

मग आणखी पोरं आली, तीही तेच. "तूच का?" "मीच की." शेवटी एका छोट्या चेटकिणीने नाकावरचा मुखवटा वर केला. "मिसेस फेदोरको, तुम्ही असं नाही म्हणायचं. तुम्ही घाबरायचं."

"का गं राणी?"

"कारण टॉटी हडळ आहे. गाण्यातली."

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर एतेला पावलिनाकडे गेली. "हे टॉटीचं काय आहे गं?"

पावलिनाने तिच्याकडे असं पाहिलं की बस. "म्हणजे तुला खरंच माहीत नाही? मला वाटलं तू रागाने गप्प आहेस. अख्खं गाव ऐकतंय बाई." तिने आपल्या लेकीची तबकडी आणली आणि लावली.

एतेलाने आधी बिजागरी ओळखली. आपल्या घरच्या दाराचा आवाज माणूस हजारात ओळखतो. मग स्वतःची हाक. मग ती शांतता, आणि मग ते सॅक्सोफोनचं हसणं. पावलिना तणतणत होती, "लाज नाही वाटत कार्ट्यांना? माझ्या याकुबने ऐकलं तेव्हा जेवला नाही तो." एतेलाला ते काही ऐकू येत नव्हतं. तिने सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली. पुन्हा ऐकलं. मग शाल उचलून घरी गेली.

रुडी स्वयंपाकघरात बसला होता. आईचा चेहरा पाहिल्याबरोबर उभा राहिला. "आई, मी सांगणारच होतो."

"दार कुणी उघडलं?"

"लेनीने."

"आणि तू कुठे होतास?"

"तिथेच. खालीच."

"मी विचारलं ते ऐकलंस?"

"ऐकलं."

एतेला टेबलापाशी बसली. हडळीबद्दल, कोबीबद्दल, गावभर झालेल्या शोभेबद्दल ती काहीच बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग ओ का नाही दिलीस?"

रुडी म्हणाला, "टेप चालू होती." म्हणाला आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याची मान खाली गेली. टेप चालू होती म्हणून आईला ओ दिली नाही. तिने त्याच्यापुढे ताटली ठेवली, तो जेवला नाही.

हिवाळ्यात क्लीव्हलंडहून एक माणूस आला. मिस्टर ब्रॅम्लेट, गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा. उंच टोपी काढून दोन्ही हातांत धरून बसला होता, माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं. गाणं चांगलं आहे, देशभर चालेल, पण टेप भिकार आहे, नुसती खरखर. नव्याने करायला हवं. केलं तर कंपनी रुडीला गिटार वाजवायला कायमचं ठेवून घेईल.

"म्हणजे कारखाना सोडायचा?" एतेलाने विचारलं. तिला इंग्रजी हवं तेव्हा नीट कळायचं.

"सोडायचा, मिसेस फेदोरको. पण एक अडचण आहे. टॉटी. आम्ही दोन नट्यांकडून म्हणवून पाहिलं. एक हसायलाच लागली, दुसरी खरोखर भुतासारखी ओरडली. काही उपयोग नाही. तुमच्या तबकडीवरची बाई घाबरवत नाही, ती काहीतरी विचारते. आणि तिला कुणी उत्तर देत नाही. भीती वाटते ती त्याची. ती बाई कोण, ते मला हवंय."

रुडी म्हणाला, "ती मिळणार नाही."

"ती मीच," एतेला म्हणाली. "कितीदा विचारायचं? शंभर वेळा विचारीन."

रुडीने तिला बाजूला नेऊन समजावलं. तिने ऐकलंच नाही. "अरे, तुझा बाप त्या पायऱ्यांवर गेला. उद्या मी कुणाची वाट बघत बसू? दोन शब्दांवर तू सुटतोस. माझं काय जातं त्यात?" काय जातं ते दोघांनाही माहीत होतं.

रविवारी चर्चनंतर ब्रॅम्लेटने मशीन तळघरात आणून लावलं. दार हेच हवं, बिजागरी हीच हवी, यावर तो अडून बसला होता. वर जिन्याच्या तोंडाशी माइक टांगला. एतेला चर्चचा चांगला कोट घालूनच चुलीजवळ उभी राहिली, फोटो काढायला उभी राहावी तशी. लेनी सॅक्सोफोन घेऊन, ढोलवाला ढोलापाशी, आणि दाराशी खुद्द रुडी. काम सोपं होतं. दार ओढायचं, वरून हाक येईल, चार ठोके गप्प राहायचं, मग वाजवायचं.

पहिल्यांदा एतेला "तो ती" म्हणाली ते पाद्रीबाबांपुढे पाठ म्हणावं तसं. दुसऱ्यांदा त्याहून वाईट. ब्रॅम्लेट जिना चढून वर गेला. "मिसेस फेदोरको, तुम्ही आपलं नेहमीचं काम करा. आम्ही इथे नाहीच असं समजा."

"मग कोट काढते," ती म्हणाली. कोट काढला, एप्रन बांधला, शेवया कापायला घेतल्या. सुरीचा आवाज खाली ऐकू येत होता, टक टक टक. ब्रॅम्लेट बोट वर करून थांबला. त्याने घाई केली नाही. हळूहळू सुरी एका लयीत पडली, मग एतेला स्वतःशी काही गुणगुणायला लागली, आणि तेव्हा त्याने बोट खाली केलं.

रुडीने दार ओढलं. बाहेरचा गार वारा आत आला, त्याला कोळशाचा वास होता. बिजागरी करकरली. वर सुरी थांबली.

"तो ती?"

या खेपेला ती खरी हाक होती. लेनीने डोळे मिटून घेतले. ब्रॅम्लेटने अंगठा वर केला. एक ठोका गेला, दोन गेले. त्या फेब्रुवारीत रुडी याच उंबऱ्यापाशी, याच दाराला हात लावून उभा होता, पाठीमागे चार माणसं आणि बाप. तेव्हा शब्द फुटला नव्हता. लेनीने दार ओढलं तेव्हाही नव्हता. तिसरा ठोका गेला.

"ता या," रुडी म्हणाला. "मीच आहे, आई."

वर चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

ब्रॅम्लेटने मशीन बंद केलं. कपाळ पुसलं. "हरकत नाही. हाक पहिल्या प्रतीची आलीय. उत्तर मी कात्रीने काढून टाकतो."

"काढायचं नाही," रुडी म्हणाला.

"पोरा, उत्तर आलं की भूत मेलं. मग राहिलं काय गाण्यात? एक बाई आणि तिचा घरी आलेला मुलगा. ते कोण विकत घेईल?"

"तेवढंच आहे ते. उत्तर ठेवत असाल तर गाणं घ्या. नाहीतर नको."

लेनी त्याच्याकडे बघत राहिला. त्याला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तो बहिरा नव्हता. त्याने सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

ब्रॅम्लेटने खूप समजावलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा समजावलं. तोवर वरून एतेलाची हाक आली, सूप गरम आहे, सगळ्यांनी हात धुऊन वर यायचं. क्लीव्हलंडचा माणूसही बसला. दोनदा वाढून घेतलं त्याने. निघताना टोपी हातात धरून म्हणाला, "तुमचा मुलगा हट्टी आहे."

"बापावर गेलाय," एतेला म्हणाली.

आणि मोटार वळणाआड गेल्याबरोबर ती रुडीवर फिरली. "गाढवा! चार ठोके गप्प बसायचं होतं. चार! सुटला असतास रे. मी इथे जन्मभर मेणबत्त्या लावू का तुझ्यासाठी?"

"दोनदा गप्प बसलो, आई. आता नाही जमलं."

दोनदा म्हणजे कोणते दोनदा ते तिला बरोबर कळलं. त्या फेब्रुवारीचं नाव त्या घरात तेव्हा पहिल्यांदा निघालं. तिने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि मग तो हात तिथेच राहू दिला.

सोमवारी पाळी सुटली तेव्हा रुडी घराला वळसा घालून मागे गेला. त्या दिवसापासून पुढची खोली घासायचं काम संपलं. पुढे त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि कारखाना सुटलाच, पण त्याला वेळ लागला, आणि तोवर एतेलाच्या मेणबत्त्या चालू होत्या.

पुढच्या हॅलोविनला चर्चच्या सभागृहात नाच होता. पोरंटोरं मुखवटे घालून, म्हातारे कोपऱ्यात बिअर घेऊन. लेनी म्हणाला, "टॉटी वाजवायलाच हवं, नाहीतर पोरं आपल्याला फाडून खातील." रुडीने आईला विचारलं. ती सभागृहाच्या स्वयंपाकघरात पावलिनाबरोबर कोबीच्या गुंडाळ्या भरत होती. म्हणाली, "वाजवा की. मी काय करू त्याला? हडळ झाले ती झाले."

वादकांनी सुरुवात तबकडीवरूनच घेतली, कारण ते दार काही सभागृहात आणता येत नव्हतं. दिवे मंद केले. पोरांनी एकमेकांना घट्ट धरलं. मोठ्या कर्ण्यातून बिजागरी करकरली, आणि मग सगळ्या सभागृहात एतेलाची हाक घुमली.

"तो ती?"

आणि कोपऱ्यातून, बिअरचे पेले हातात घेतलेल्या म्हाताऱ्यांमधून, कुणी काही ठरवलेलं नसताना, उत्तर आलं, "ता या."

एकाचं नाही. याकुबचं होतं, त्याच्यासोबतच्या त्या तिघांचं होतं, भट्टीवरच्या, रुळांवरच्या, क्रेनवरच्या सगळ्या गड्यांचं होतं. जन्मभर रोज ती बिजागरी, ती हाक, आणि रोज हेच दोन शब्द. तोंडातून आपसूक निघाले. निघाल्यावर ते एकमेकांकडे बघायला लागले. याकुबने पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जे त्याने त्या फेब्रुवारीत म्हणायला हवं होतं ते आत्ता निघालं होतं. रुडी गिटार गळ्यात तशीच लटकवून उभा राहिला. ढोलाचा ठोका पडायचा राहूनच गेला, आणि त्या रिकाम्या जागेत सगळं सभागृह स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होतं.

एतेला दारात उभी होती, हात कोपरापर्यंत भाताने आणि खिम्याने माखलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पावलिनाने आपल्या एप्रनने तिचं तोंड पुसलं.

"अगं पावलिना," एतेला म्हणाली, "एवढ्या सगळ्यांना मी सूप कुठून आणू?"